चित्र न काढणारा चित्रकथाकार

सकाळच्या चहाबरोबर ‘सकाळ’मधला ‘चिंटू’ वाचायची सवय मराठी घरांना १९९१ साली लागली. त्या छोट्याशा चित्रपट्टीमागची नावं दोन, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. चित्रं पंडितांची, हे घराघरांत ठाऊक होतं. माझ्या पुतणीने एकदा मला विचारलं, “काका, चित्रं यांनी काढली, मग ते दुसरे काय करतात?”

“ते लिहितात,” मी म्हणालो.

तिने पट्टीवर बोट ठेवलं. मधल्या चौकटीत एकही शब्द नव्हता. “इथे तर काहीच लिहिलेलं नाही.”

तिचा प्रश्न रास्त होता. चित्रकथेच्या लेखकाबद्दलचा आपला सगळा गैरसमज त्या एका प्रश्नात आहे. फुग्यांतले संवाद लिहिणारा तो लेखक, असं आपण धरून चालतो. खरी गोष्ट अशी की, ज्या चौकटीत एकही शब्द नाही, तीसुद्धा बहुतेक वेळा लेखकानेच लिहिलेली असते. ती कशी, हे समजून घ्यायला एका लेखकाची कारकीर्द पाहू. त्याचं लेखन मराठीत दोन पिढ्यांनी अधाशासारखं वाचलं, पण त्याचं नाव फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. त्याचं नाव ली फॉक. वेताळ त्याचा आणि जादूगार मॅन्ड्रेकही त्याचाच.

माझ्या लहानपणी गावातल्या केशकर्तनालयात लाकडी बाकावर ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे जुने अंक पडलेले असत. हाताळून हाताळून त्यांची शेवटची पानं गळालेली असायची. नंबर येईपर्यंत गोष्ट रंगात यायची आणि ऐन संकटाच्या क्षणी एक तर खुर्चीवरून हाक यायची, नाही तर पानंच संपायची. पुढे काय झालं असेल, हे मी केस कापून होईपर्यंत आरशात बघत जुळवत बसायचो. ती हुरहुर कुणीतरी मुद्दाम, मोजून मापून लिहिलेली होती, हे कळायला फार वर्षं लागली.

सेंट लुईसचा विद्यार्थी

फॉक यांचा जन्म २८ एप्रिल १९११ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झाला. मूळ नाव लिऑन हॅरिसन ग्रॉस. वडील लवकर गेले. पुढे सावत्र वडिलांच्या नावातला ‘फॉक’ हा शब्द त्यांनी घेतला, आणि ‘ली’ हे तर लहानपणापासूनचं हाकेचं नाव होतं. इलिनॉय विद्यापीठात शिकत असतानाच त्यांच्या डोक्यात एका जादूगाराची गोष्ट घोळू लागली. पहिल्या काही पट्ट्या त्यांनी स्वतःच काढून पाहिल्या. एकट्याने खोलीत आरसा समोर ठेवून चेहरा काढला, त्यामुळे मॅन्ड्रेक थोडाबहुत त्यांच्यासारखाच दिसू लागला.

पण रोज काढायचं, वर्षानुवर्षं काढायचं, तर हात सरावलेला लागतो. तो आपला नाही, हे त्यांनी वेळीच ओळखलं. सेंट लुईसमध्येच फिल डेव्हिस नावाचे व्यावसायिक चित्रकार होते. फॉक यांनी त्यांना गाठलं. गोष्ट फॉक यांची, चित्रं डेव्हिस यांची, अशा नमुन्याच्या पट्ट्या घेऊन हा तरुण न्यूयॉर्कला गेला आणि ‘किंग फीचर्स’ या सिंडिकेटला त्या विकून आला. ११ जून १९३४ रोजी ‘मॅन्ड्रेक’ वर्तमानपत्रांत सुरू झाला, तेव्हा लेखकाचं वय होतं २३.

वाचकांना सांगितलं गेलं की, हा लेखक जगभर हिंडला आहे, पूर्वेकडच्या गूढविद्या त्याने अभ्यासल्या आहेत. प्रत्यक्षात न्यूयॉर्कची ती फेरी हाच त्यांचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास होता. पुढे मात्र फॉक खरोखरच खूप फिरले.

सिंडिकेट म्हणजे काय, तेही इथेच सांगतो. एका मोठ्या स्वयंपाकघरात रांधायचं आणि शेकडो घरी डबे पोहोचवायचे, तसा हा धंदा आहे. एकच पट्टी एकाच दिवशी अनेक गावांच्या वर्तमानपत्रांना विकली जाते. एकेका वर्तमानपत्राला ती स्वस्त पडते आणि सगळ्यांचे पैसे मिळून लेखक-चित्रकाराचं पोट भरतं. अट एकच, डबा कुठल्याच दिवशी चुकता कामा नये.

लेखक नेमकं काय लिहितो?

आता कागदाजवळ येऊ. समजा, एखाद्या कथेत एवढाच मजकूर आहे : ‘रात्री दोन वाजता कडी वाजली. आबा उठले, कंदील घेऊन दाराशी गेले. दार उघडलं तर बाहेर कुणीच नव्हतं. उंबऱ्यावर फक्त ओली पावलं होती.’

कथेत हे वाक्यांनी झालं. सिनेमात कॅमेरा आबांच्या मागोमाग जाईल. चित्रकथेत यातलं काहीच हलत नाही. चौकटीतलं चित्र एका क्षणाचं असतं. आबा एकाच चौकटीत अंथरुणातून उठतील, कंदील पेटवतील आणि दारही उघडतील, असं चित्र जगातला कुठलाही चित्रकार काढू शकणार नाही. म्हणजे या सगळ्या हालचालीतून दोन-चार क्षण निवडायचे आणि बाकीचे टाकून द्यायचे. कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे, हे ठरवणं हेच चित्रकथा-लेखकाचं पहिलं काम. त्याच्या हस्तलिखितात गोष्ट कमी आणि सूचना जास्त असतात. वानगीदाखल मीच एक तुकडा लिहून पाहिला. तो असा :

> तीन चौकटींचं हस्तलिखित
>
> चौकट १. अंधारी खोली. आबा अंथरुणात, डोळे टक्क उघडे. खिडकीतून चांदणं फक्त चेहऱ्यावर.
> आवाज (दाराच्या बाजूने) : खट् खट्
>
> चौकट २. दार आतल्या बाजूने, अगदी जवळून. कडीवर आबांचा हात. कंदिलाचा उजेड खालून. चेहरा दाखवू नये.
> आबा : कोण आहे?
>
> चौकट ३. उंबरा वरून पाहिल्यासारखा. ओली पावलं. ती घराबाहेरून आत आलेली दिसली पाहिजेत. बाहेर जाणारं एकही पाऊल नको.
> (शब्द नाहीत.)

तिसरी चौकट पाहा. छापून आल्यावर तिच्यात एकही अक्षर दिसणार नाही, आणि तरीही सर्वांत जास्त लिहावं लागलं ते तिच्यासाठी. पावलं आत आलेली आहेत, म्हणजे जो कोणी आला तो आता आबांच्या मागे, घरातच आहे. हे वाचकाला आपलं आपण कळून अंगावर काटा यायला हवा. ‘अरे बापरे, पावलं आत आली आहेत!’ असा फुगा आबांच्या तोंडी घातला की ती चौकट मेलीच. माझ्या पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

आणखी एक गोष्ट. पहिल्या चौकटीत आबा अंथरुणात आहेत आणि दुसरीत दाराशी. मधलं उठणं, चाचपडणं, कंदील पेटवणं हे कुणीच काढलेलं नाही. तरी वाचकाला काही चुकल्यासारखं वाटत नाही, कारण दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत ते सगळं तोच घडवून आणतो. अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मक्लाउड यांनी १९९३ साली एक अख्खं पुस्तक चित्रकथेच्याच रूपात लिहून ही कोरी जागा कसं काम करते ते उलगडून दाखवलं. मला ती देवळाच्या टेकडीवरच्या पायऱ्यांसारखी वाटते. पायऱ्या फार जवळ असल्या तर चालणारा कंटाळतो, फार लांब असल्या तर ठेचकाळतो. चौकटींमधलं अंतर बरोबर पडलं की वाचक आपण चढतो आहोत हे विसरून वर जातो.

काल, आज आणि उद्या

रोजच्या पट्टीचा लेखक तर आणखी अडचणीत असतो. त्याला दिवसाला तीन-चार चौकटी मिळतात, आणि गोष्ट तर महिनोन्‌महिने चालायची असते. वाचक कालचा अंक विसरलेला असतो, कधी त्याने तो पाहिलेलाच नसतो. म्हणून पहिल्या चौकटीत कालचं आठवून द्यायचं, मधल्या चौकटीत आज काहीतरी घडवायचं आणि शेवटच्या चौकटीत उद्याची ओढ लावायची. सप्ताहातला कीर्तनकार तेच करतो. कालचं आख्यान कुठे थांबलं ते दोन वाक्यांत सांगतो, आजचा प्रसंग रंगवतो आणि ऐन भरात उद्यावर सोडतो.

जुन्या पट्ट्या एकत्र बांधून छापल्या की पात्रं सारखं तेच तेच का बोलतात, याचंही कारण हेच. “त्या दगडी दाराआड काय असेल?” हे वाक्य सलग तीनदा येतं, कारण मूळ वाचकाने ते तीन वेगवेगळ्या सकाळी वाचलेलं असतं. चांगला लेखक ही उजळणीही अशी करतो की कालची माहिती आज नव्या पात्राच्या तोंडून, नव्या शंकेसह येते.

रविवारची गोष्ट तर वेगळीच लिहावी लागते. काही वर्तमानपत्रं फक्त रोजची पट्टी घेतात, काही फक्त रविवारचं रंगीत पान घेतात. म्हणून ‘वेताळ’ची रविवारची मालिका २८ मे १९३९ पासून स्वतंत्र कथानकाने सुरू झाली. मॅन्ड्रेकचंही तसंच होतं. म्हणजे एका वेळी चार गोष्टी एकाच डोक्यात चालू. आठवड्याचे सहा दिवस धरले तर एका मालिकेच्या वर्षाला ३१२ पट्ट्या होतात. वेताळ फॉक यांनी ६३ वर्षं चालवला, म्हणजे त्याच्या रोजच्या पट्ट्यांचाच हिशेब साडेएकोणीस हजारांच्या वर जातो. दुसऱ्या महायुद्धात फॉक युद्धकार्यात गुंतले, तेव्हा पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेले आल्फ्रेड बेस्टर यांनी काही काळ त्यांच्या जागी लिहिलं. तो काळ वगळला तरी आकडा छाती दडपणारा आहे.

मरत नाही, म्हणजे काय?

वेताळ पहिल्यांदा छापला गेला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. चित्रकार होते डेव्हिस यांचे साहाय्यक रे मूर. सुरुवातीला फॉक यांच्या मनात वेगळंच होतं. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, छानछोकीत रमणारा तरुण हाच रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांशी लढतो, असं ते रचत होते. गोष्ट छापून येऊ लागली आणि मधेच त्यांना वाटलं, हे जंगलात घडायला हवं. वर्तमानपत्रात छापलेलं तर मागे घेता येत नाही. पण जिमी हाच मुखवट्यामागचा माणूस आहे, असं त्यांनी अजून कुठेच उघड केलेलं नव्हतं. तेवढ्या फटीतून ते बाहेर पडले. जिमी बाजूला गेला आणि वेताळ जंगलात गेला. क्रमशः लिहिणाऱ्याने एखादं दार शेवटपर्यंत किलकिलं का ठेवायचं, याचा एवढा स्वच्छ दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

मग त्यांना ती कल्पना सुचली, जिच्यावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यातून वाचलेला एकटा तरुण किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की, मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढत राहू. मुखवटा बापाकडून मुलाकडे जात राहिला. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा चारशे वर्षं तोच आहे, मरतच नाही. खरं काय ते फक्त मोजक्यांना आणि वाचकाला ठाऊक. आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो एकविसावा.

लेखकाच्या दृष्टीने यात केवढी सोय आहे ते बघा. नायक माणूसच आहे, म्हणून तो जखमी होऊ शकतो, मरू शकतो आणि वाचकाला त्याची काळजी वाटते. पण दंतकथा मरणार नाही, म्हणून मालिका थांबत नाही. शिवाय आजची गोष्ट लिहायचा कंटाळा आला की वेताळाच्या गुहेतली जुनी बखर उघडायची आणि सातव्या किंवा तेराव्या वेताळाची गोष्ट सांगायची. चार शतकांचं कोठार एका कल्पनेने भरून ठेवलं. ‘जंगलातली जुनी म्हण’ ही त्यांचीच युक्ती. वेताळाचा दरारा दाखवायला तीन चौकटी मारामारीची चित्रं लागली असती, तिथे फॉक यांनी स्वतः रचलेली एक ओळ पुरते.

एका बाबतीत मात्र शब्द हरले. फॉक यांच्या मनातला वेताळाचा पोशाख राखाडी होता. १९३९ साली रविवारचं रंगीत पान निघालं तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्कँडिनेव्हियात तो निळा आहे, इटलीत लाल.

फुग्यात किती शब्द मावतात?

चौकटीत चित्रही मावायला हवं, म्हणून फुग्याला जागा थोडीच उरते. अमेरिकी कॉमिकमध्ये पूर्वी एक हिशेब सांगितला जाई. पानावर सहा चौकटी, चौकटीत जास्तीत जास्त ३५ शब्द, म्हणजे पानाला २१० शब्द. पानभर भांडण, प्रेम किंवा खुनाचा उलगडा एवढ्यात बसवायचा. फुग्यांचा क्रमही लेखकाला आधीच विचारात घ्यावा लागतो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारं पात्र डावीकडे उभं हवं. हस्तलिखितात हे सांगितलं नाही, तर चित्र पूर्ण झाल्यावर कळतं की उत्तर आधी आलं आणि प्रश्न नंतर.

फॉक यांना हा काटकसरीचा संवाद रंगभूमीने शिकवला, असं मला ठामपणे वाटतं. त्यांचा अर्धा जीव नाटकात होता. सुमारे ३०० नाटकांची त्यांनी निर्मिती केली, त्यांतली शंभरेक स्वतः बसवली, डझनभर लिहिली. १९५३ साली अभिनेते मार्लन ब्रँडो यांनी त्यांच्याकडे नाटकात काम केलं होतं. रंगमंचावर पात्राने केव्हा यायचं, केव्हा जायचं आणि कोणत्या वाक्यावर पडदा पाडायचा, हे ज्याला रोज ठरवावं लागतं, त्याला चौकटीचा शेवट कुठे करायचा हे वेगळं शिकावं लागत नाही.

हे सगळं मराठीत आलं मार्च १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे. टाइम्स ऑफ इंडियाच्या या प्रकाशनाने सुरुवात वेताळापासूनच केली आणि १९९० पर्यंत सुमारे ८०० अंक काढले. इथे नवीच कामं उभी राहिली. मूळ आडव्या पट्ट्या कापून उभ्या पानात बसवायच्या, उजळणीच्या चौकटी गाळायच्या, नावं बदलायची. मूळ गोष्टीतला प्रदेश ‘बेंगाली’ आणि चाचे ‘सिंग’ होते. भारतीय वाचकाला ते खटकणारच. म्हणून प्रदेश झाला डेंकाली आणि चाचे झाले सिंगा.

सर्वांत अवघड होते फुगे. इंग्रजी चित्रकथेतली अक्षरं सगळी मोठ्या लिपीत, एका उंचीची असतात. आपल्या देवनागरीला वर मात्रा, रफार, वेलांटी लागते आणि खाली उकार. दोन ओळींमध्ये जागा सोडावीच लागते. म्हणजे इंग्रजीच्या पाच ओळींसाठी आखलेल्या फुग्यात मराठीच्या चारही ओळी नीट बसत नाहीत. अनुवादकाला अर्थ तोच ठेवून शब्द कापावे लागतात. आपल्या लहानपणी वेताळ इतकं तुटक, रोखठोक मराठी बोलायचा, त्यात त्या फुग्यांचाही वाटा आहे.

या अंकांनी घडवलेली माणसंही इथलीच होती. ‘इंद्रजाल’च्या सुरुवातीच्या काळात टाइम्समध्ये काम करणाऱ्या अनंत पै यांनी १९६७ साली मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. त्यांनी लिहिलेल्या ‘कृष्ण’ची चित्रं राम वाईरकरांची होती. १९७६ साली आबिद सुरती यांनी ‘इंद्रजाल’साठीच बहादुर हा भारतीय नायक लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो काढला. इथेही लेखक एक आणि चित्रकार दुसरा.

दोघांचा संसार

लेखक-चित्रकाराची वाटणी सगळीकडे सारखी नसते. एका टोकाला लेखक ॲलन मूर आहेत. ‘वॉचमेन’च्या पहिल्या अंकाचं त्यांचं हस्तलिखित शंभराहून जास्त टंकलिखित पानांचं होतं, आणि त्यावरून डेव्ह गिबन्स यांनी जी चित्रकथा काढली ती तिशीच्या आतल्या पानांची. दुसऱ्या टोकाला ‘स्पायडर-मॅन’चे लेखक स्टॅन ली यांची पद्धत. चित्रकाराला कथानकाची थोडक्यात कल्पना द्यायची, त्याने पानं काढून आणायची आणि मग फुगे भरायचे. या पद्धतीने काम भराभर होई. पण गोष्ट खरी कुणी रचली, हा वादही तिनेच जन्माला घातला. ‘स्पायडर-मॅन’चे चित्रकार स्टीव्ह डिटको यांना कथानकाचं श्रेय छापील स्वरूपात १९६५ साली मिळालं.

या दोन टोकांच्या मधे फ्रान्सचे रने गोसिनी येतात. १९२६ साली पॅरिसमध्ये जन्म, बालपण अर्जेंटिनात, वडील गेल्यावर लहान वयात कारखान्यात हिशेबनीसाच्या हाताखाली नोकरी, मग न्यूयॉर्क. ते चित्रकार व्हायला निघाले होते आणि लेखक झाले. १९५९ च्या ऑगस्टमध्ये चित्रकार आल्बेर युदेर्झो यांच्या घरी बसून दोघांनी अ‍ॅस्टेरिक्स उभा केला. युदेर्झो यांना नायक धिप्पाड हवा होता. गोसिनी यांना बुटका आणि हुशार हवा होता. गोसिनी यांचं ऐकलं गेलं, आणि युदेर्झो यांनी आपला धिप्पाड माणूस ऑबेलिक्स म्हणून शेजारी उभा केला. नोव्हेंबर १९७७ मध्ये गोसिनी अचानक गेले, वय अवघं ५१. तेव्हा अ‍ॅस्टेरिक्सची बेल्जियममधली गोष्ट अर्धी काढून झाली होती. ज्या ठिकाणी लेखकाच्या मृत्यूची बातमी आली, तिथपासून पुढच्या पानांवर युदेर्झो यांनी आभाळ करडं केलं आणि पाऊस पाडला. हस्तलिखितात तो पाऊस नव्हता.

नाव आणि दाम

ही कारकीर्द पोट भरते का? सगळ्यांचं नाही. जेरी सीगल यांनी लिहिलेला आणि जो शुस्टर यांनी काढलेला सुपरमॅन १९३८ साली त्यांनी हक्कांसकट १३० डॉलरला विकला. कोट्यवधींची कमाई दुसऱ्यांनी केली. वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव या दोन गोष्टी त्यांना मिळायला १९७५ साल उजाडलं. बिल फिंगर यांची कथा याहून वाईट. बॅटमॅनची टोपी, झगा, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर, यांत त्यांचा मोठा हात होता. पण करारात नाव एकट्या चित्रकार बॉब केन यांचं होतं. फिंगर १९७४ साली वारले आणि त्यांचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं २०१५ साली. चित्र डोळ्यांना दिसतं, त्याखालची रचना दिसत नाही. या न दिसण्याचा धंद्याने फायदा घेतला, हा अन्याय होता. गोसिनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९५६ साली हक्कांसाठी तोंड उघडलं, तेव्हा त्यांची कामावरून उचलबांगडी झाली.

फॉक यांचं नशीब त्या मानाने चांगलं. वेताळ आणि मॅन्ड्रेक सिंडिकेटच्या मालकीचे राहिले, पण पट्टीवरचं नाव कधी गेलं नाही. चित्रकार बदलत गेले. वेताळाचे रे मूर गेले, विल्सन मकॉय आले, त्यांच्यानंतर साय बॅरी यांनी तीस वर्षांहून जास्त काळ तो काढला. मॅन्ड्रेक डेव्हिस यांच्या निधनानंतर फ्रेड फ्रेडरिक्स यांच्याकडे गेला. वाचकांना तो बदल फारसा बोचला नाही, कारण आतून गोष्ट सांगणारा आवाज तोच होता. १९७७ साली वेताळाने प्रेयसी डायनाशी लग्न केलं, १९७९ साली त्यांना जुळं झालं. बाविसावा वेताळ जन्माला घालून मगच लेखक थकला. १३ मार्च १९९९ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी फॉक वारले. शेवटपर्यंत ते लिहीतच होते. त्यानंतर पट्टी टोनी डीपॉल यांच्याकडे आली. ते लेखकच आहेत, चित्रकार नाहीत.

तुमच्या घरात गोष्टी रचणारं, पण चित्र जमत नाही म्हणून हिरमुसणारं एखादं मूल असेल, तर त्याला एक कोरं पान द्या. त्यावर तीन चौकटी आखायला सांगा. प्रत्येक चौकटीखाली काय दिसलं पाहिजे तेवढंच लिहायला सांगा, आणि एक चौकट बिनशब्दांची ठेवायला सांगा. मग वर्गातला चित्र काढणारा मित्र शोधा आणि ते पान त्याच्या हातात द्या. सेंट लुईसमध्ये फॉक यांनी फिल डेव्हिस यांना असंच गाठलं होतं.